वॉलेसचा हिवताप

बोर्निओतील सांतुबोंग राष्ट्रीय उद्यानात आज लोक धनेश पाहत पायी भटकतात. त्याच डोंगराच्या पायथ्याशी १८५५ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने प्रजातींच्या उगमाविषयी पहिला महत्त्वाचा लेख लिहिला. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला हा इंग्रज कीटक-पक्षी जमवून, विकून पोट भरी. आधीची चार वर्षे अ‍ॅमेझॉनच्या जंगलात गेली. धाकटा भाऊ हर्बर्ट तिथेच पीतज्वराने दगावला. परतताना जहाज पेटले, सोबतचे जवळपास सगळे नमुने जळाले आणि दहा दिवस उघड्या होडीत काढावे लागले. तरी १८५४ मध्ये गडी पुन्हा निघाला, तो आठ वर्षांसाठी!

१८५८ मध्ये मोलुक्का बेटांवर हिवतापाने, बहुधा मलेरियानेच, हुडहुडत पडलेला असताना त्याला नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली. ताप उतरताच त्याने ती लिहून डार्विनला धाडली. क्विनाइन तो घेई. डासांचा दुवा मात्र रॉसने सिकंदराबादेत १८९७ मध्ये शोधला. आज अशा जंगलात निघालात, तर मच्छरदाणीबरोबर प्रतिबंधक गोळ्यांचेही डॉक्टरांना आधीच विचारा. त्या परतल्यावरही ठरलेले दिवस घ्याव्या लागतात, आणि नेमके तेच रुग्ण विसरतात.

इतका चिकित्सक माणूस उतारवयात देवीच्या लसीविरुद्ध लिहीत बसला, हे मला आजही खटकते. १९१३ मध्ये तो गेला, नव्वद वर्षांचा होऊन.