दिवसा कारखाना, रात्री गाणं : वामनदादांची वाट

शिरड शहापूरला आम्ही तरुणांच्या बैठका घेतो तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. आयटीआय करून कुणी वायरमन झाला, कुणी फिटर. दिवसभर हातात पान्हा-पक्कड, संध्याकाळी विहारात हार्मोनियम-ढोलकी. घरचे म्हणतात, गाणं सोड. गायन पार्टीतले म्हणतात, नोकरी सोड. पोरगं मधल्यामध्ये अडकतं. या पोरांसमोर आम्ही महाकवी वामनदादा कर्डक यांचं आयुष्य ठेवतो.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी गावी झाला. घरी जमीन होती, पण तिच्यातून फारसं उत्पन्न निघत नव्हतं, त्यात वडील लवकर गेले. पोटासाठी मायलेक मुंबईला आले. दादांनी गिरणीत काम केलं, कोळशाच्या वखारीत राबले, खडी फोडली, चिक्की विकली. पुढे टाटा ऑइल कंपनीत नोकरी लागली. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना ते समता सैनिक दलात आले, लेझीम खेळू लागले. सिनेमाचंही वेड होतं. स्टुडिओत एक्स्ट्रा म्हणून त्यांनी कामं केली.

तोपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. एकदा कुणीतरी पत्र वाचून घ्यायला त्यांच्याकडे आलं. वाचता येईना, तेव्हा दादांना रडू आलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरं गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं शिकले. शाळेचं वय कधीच उलटून गेलं होतं, पण त्याची लाज त्यांनी बाळगली नाही. 1943 साली त्यांनी पहिलं गीत लिहिलं. त्याच काळात बाबासाहेबांना प्रत्यक्ष पाहिलं, ऐकलं, आणि गाण्याला दिशा मिळाली.

त्यानंतर दादा महाराष्ट्रभर गावोगाव फिरले. बाबासाहेबांचा विचार त्यांनी न शिकलेल्या माणसाच्या ओठावर नेऊन ठेवला. हजारो गीतं लिहिली. 1973 मध्ये वाटचाल हा संग्रह आला, पुढे मोहळ आणि हे गीत वामनचे. ज्यांना एकेकाळी पत्र वाचता येत नव्हतं, ते 1993 साली वर्ध्याच्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 15 मे 2004 रोजी त्यांचं निधन झालं.

या आयुष्यातून आम्ही तरुणांना दोन गोष्टी सांगतो. पहिली, कष्टाचं काम गाण्याच्या आड येत नाही. वखार, गिरणी, चाळ यांनीच दादांना लोकांची भाषा दिली. दुसरी, नुसता आवाज पुरत नाही. शिकावं लागतं, वाचावं लागतं.

तिसरी गोष्ट मात्र समाजाला सांगायची आहे. दादांना प्रेम अफाट मिळालं, पण आर्थिक ओढाताण सुटली नाही. आजही जयंतीला डीजेवाल्याला आगाऊ रक्कम मिळते आणि रात्रभर गाणाऱ्या पार्टीला नारळ-शाल. त्या पोरांना सकाळी पुन्हा ड्युटीवर जायचं असतं. त्यांचं मानधन ठरवा, वेळेवर द्या, कार्यक्रम वेळेत संपवा. दादांच्या फोटोला हार घालण्याआधी एवढं केलं, तर नोकरी आणि गाणं यांतलं एक सोडण्याची पाळी कुणावर येणार नाही.

महाकवी वामनदादांना विनम्र अभिवादन. जयभीम!