कर्नल सी. के. नायडू

वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचण्यास जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत चेंडूची दिशा, टप्पा व वेग ओळखावयाचा, तो अडवावा, सोडावा की टोलवावा हे ठरवावयाचे आणि ठरविलेले लगेच अमलात आणावयाचे! विचार करीत बसण्यास तेथे सवड नसते. अशा वेळी मनुष्याच्या साहाय्यास येते ती पूर्वी केलेली तयारी. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांचे चरित्र याची साक्ष देते.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे तेलुगू, परंतु नागपुरात स्थायिक झालेले. बालवयातच ते शाळेच्या संघातून खेळू लागले आणि नागपूरच्या मैदानांवर त्यांचे मनगट व नजर दोन्ही तयार झाली.

१९१६ साली चौरंगी स्पर्धेत युरोपियन संघाविरुद्ध हिंदू संघाकडून ते प्रथमच मोठ्या सामन्यात उतरले. अवघ्या ७९ धावांत सात गडी बाद झाले होते. अशा वेळी नवखा खेळाडू एक तर भेदरतो, नाही तर उतावळा होतो. नायडूंनी पहिले तीन चेंडू शांतपणे अडविले आणि चौथ्यावर षट्कार ठोकला!

हे धैर्य आले कोठून? वर्षानुवर्षे सराव केला म्हणजे नाना तऱ्हेचे चेंडू नजरेच्या ओळखीचे होतात. मग नवा चेंडू येताच मनाला ओळख पटते आणि हात आपोआप योग्य दिशेने वळतो. ज्याचा सराव तोकडा, त्याला त्या घटकेस प्रत्येक गोष्ट नव्याने ठरवावी लागते आणि त्यातच त्याचा गोंधळ उडतो.

१९२३ साली होळकर महाराजांच्या निमंत्रणावरून नायडू इंदूरला गेले व तेथील सैन्यात अधिकारी झाले. १९२६ साली मुंबईत एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षट्कार होते.

खरी कसोटी लागली ती २५ जून १९३२ रोजी, लॉर्ड्सच्या मैदानावर. भारताचा तो पहिलाच कसोटी सामना. दौऱ्याचे नेते असलेले पोरबंदरचे महाराज बाजूस झाल्याने नेतृत्व नायडूंकडे आले होते. आरंभीच १९ धावांत इंग्लंडचे तीन गडी टिपले गेले. पुढे क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला इजा झाली. तरीही पहिल्या डावात भारतातर्फे सर्वांत अधिक, ४० धावा त्यांनीच काढल्या. भारत १५८ धावांनी हरला. सराव विजयाची हमी देत नाही. परंतु प्रतिकूल घडीलाही बुद्धी स्थिर राखण्याचे बळ तो देतो.

पुढे होळकर संघाचे नेतृत्व करताना ही शिस्त त्यांनी सहकाऱ्यांच्याही अंगी बाणविली. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९५१-५२ मध्ये मुंबईच्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू लागून छप्पन्न वर्षांच्या नायडूंचे दोन दात पडले. मैदान न सोडता ते खेळतच राहिले. पुढे एकसष्टाव्या वर्षी उत्तर प्रदेशाकडून राजस्थानविरुद्ध त्यांनी ८४ धावा काढल्या.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. आजही नागपूरच्या मैदानांवर मुले पहाटे सरावास जमतात. त्यांतील प्रत्येक जण नायडू होणार नाही. परंतु संकटाची वेळ आपल्या हाती नसली, तरी तयारीची वेळ आपल्या हाती असते, हा धडा त्यांच्या चरित्रातून प्रत्येकास घेता येईल.