ख्रिस्ताला मराठी करणारे टिळक: कीर्तन, अभंग आणि 'देवाचा दरबार'

टिळक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लोकमान्य येतात. पण त्याच काळात, त्याच रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले आणखी एक टिळक होते. शाळेच्या पुस्तकात तुम्ही त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून भेटला असाल. रेव्हरंड नारायण वामन टिळक.

चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे पंडित आणि तरीही ख्रिस्ती. या तिन्ही गोष्टी एका माणसात कशा नांदल्या? आणि ख्रिस्ती झालं म्हणजे आपली भाषा, आपले संत, आपला देश सोडायचा का? टिळकांचं अख्खं आयुष्य या एका प्रश्नाभोवती फिरलं.

जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, करजगावचा. आई लवकर गेली आणि पोरगं घर सोडून नाशिकला आलं. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकलं. पुढे लग्न झालं ते मनकर्णिका गोखले यांच्याशी. याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

टिळकांचा पाय एका गावात कधी ठरला नाही. कधी शिक्षकी, कधी कीर्तन, कधी छापखाना. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्याकडे त्यांनी वैदिक ग्रंथांचं काम केलं. डोक्यात मात्र एकच विचार. जातीभेदाने पोखरलेला हा देश उभा कसा राहणार? त्यासाठी कोणता धर्म बळ देईल?

१८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात रेल्वेच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. दोघांच्या गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. उतरताना त्याने टिळकांना बायबलचा नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. तो प्रवासी कोण होता, हे टिळकांना पुढेही कधी कळलं नाही. पण येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि त्यांना आपल्या प्रश्नांची उत्तरं सापडल्यासारखं वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत घरानेही मोजली. लक्ष्मीबाईंना हा धक्का सहन होण्यासारखा नव्हता. काही वर्षं त्या मुलाला घेऊन नवऱ्यापासून दूर, पंढरपूरला आपल्या माणसांत राहिल्या. परत आल्या तेव्हाही त्यांचं सोवळं सुटलं नव्हतं. टिळकांनी घाई केली नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून जात सोडली आणि १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या.

आता मुद्द्याकडे येऊ. टिळक अमेरिकन मराठी मिशनसोबत अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला काम करत होते. तिथल्या उपासनेवर परदेशी छाप होती. बरीचशी गीतं भाषांतरित, चाली विलायती. माणूस ख्रिस्ती झाला की शेजाऱ्यांना तो साहेबाचा वाटायचा. टिळकांना हे सलत होतं.

ख्रिस्ताला मराठी करण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता असं नाही. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये हजारो ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं होतं. नगरमध्येही कृष्णराव सांगळे यांनी देशी चालीत गीतं रचली होती. पण स्टीफन्स बाहेरून येऊन मराठी शिकले होते. टिळक मराठीतच वाढले होते.

त्यांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनातून सांगितली. अभंग रचले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्ञानोबा-तुकोबांना नाकारून आपण ख्रिस्ताकडे आलो नाही, तुकारामांच्या पुलावरूनच आलो. म्हणून तो पूल पाडायची गरज त्यांना वाटली नाही. मात्र जातीभेद त्यांनी सोडून दिला. संस्कृतीतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, याची त्यांची कसोटी इथे दिसते.

त्यांच्या घराचं दारही धर्म बघून उघडत नव्हतं. बालकवी ठोमरे काही काळ त्यांच्याच घरी राहिले. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादनही टिळकांकडे होतं.

तरी एक गाठ सुटत नव्हती. मिशनचा पगार घेणारा माणूस ख्रिस्त आपलाच आहे असं सांगतो, तेव्हा ऐकणारा त्या पगाराकडेच बघतो. १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षं उलटल्यावर, टिळकांनी ती नोकरी सोडली. संन्यासी झाले, साताऱ्यात राहिले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

हे पाऊल अनेक ख्रिस्ती मंडळींना पटलं नाही. बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्ताचा शिष्य कसा, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो वावगा नव्हता. कारण दार सगळ्यांनाच उघडं ठेवलं तर मंडळी कोणाला म्हणायचं? या प्रश्नाचं उत्तर प्रत्यक्ष कामातून द्यायला टिळकांना वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले. दरबारही त्यांच्यामागे फार वाढला नाही.

मागे राहिलं ते अर्धवट 'ख्रिस्तायन'. रामायणाची आठवण करून देणाऱ्या नावाचं हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. कधीकाळी याच धर्मामुळे नवऱ्यापासून दुरावलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले साठहून अधिक अध्याय लिहिले आणि ते १९३८ मध्ये छापून आलं.

आणि गीतांचं म्हणाल, तर महाराष्ट्रातल्या मराठी चर्चमध्ये टिळकांची गीतं आजही गायली जातात. गाणाऱ्यांना ती परदेशी वाटत नाहीत.