पंडिता रमाबाई : जाणलेली श्रद्धा, जगलेली श्रद्धा

(द्वितीय वर्ष, कला)

कॉलेजला येताना आमची गाडी केडगाव स्टेशनवर थांबते. तेथील मुक्ती मिशनचे नाव मी लहानपणापासून ऐकत आले. पण ते कोणी काढले, का काढले, याची चौकशी कधी केली नव्हती. यंदा ग्रंथालयातून पंडिता रमाबाईंचे चरित्र घरी नेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजी तर अजून अंगठा उठवते. तिला रोज संध्याकाळी चार-चार पाने वाचून दाखवली. त्यातून जे उमगले, ते येथे लिहीत आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकात गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. आईने ते रमेला दिले. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब हिंडत असे. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली भावंडे हजारो मैल पायी चालली. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी आंतरजातीय विवाह केला. पण १८८२ मध्ये पतीही गेले. पदरी लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. असे प्रेम कोठून येते, हे विचारताना त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या ख्रिस्ताची कथा समजली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

परंतु धर्म स्वीकारला म्हणून त्यांनी विचार करणे सोडले नाही. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्या गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घालीत. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. जे पटले नाही त्याला त्या केवळ आज्ञा म्हणून मान डोलावीत नसत.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढे ते पुण्यास नेले. याच काळात, १८९१ च्या सुमारास, त्यांना एक गोष्ट जाणवली. ख्रिस्ती धर्म आपण बुद्धीने स्वीकारला, पण ख्रिस्त स्वतः आपल्याला अजून भेटला नव्हता, असे त्यांनी पुढे आत्मकथनात मोकळेपणाने सांगितले. हे ऐकून आजीने मला थांबवले. एवढी शिकलेली बाई, आणि तिलाही आठ वर्षे लागली का, असे ती म्हणाली. मी गप्प बसले. परीक्षेपुरते पाठ करून समजले असे मानणारी मी. मला काय उत्तर देता येणार?

सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संबंध तोडला व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन मोडले, असे विरोधकांचे म्हणणे होते. पालकांची भीती मला समजते. पण रमाबाई आपली श्रद्धा लपवायलाही तयार नव्हत्या.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या. भुकेने मेलेली आपली माणसे त्यांना आठवली. तेथून शेकडो अनाथ मुली व विधवा त्यांनी आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. पुढच्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजारावर गेली. शेती, विणकाम, छपाई ही कामे मुली स्वतः करीत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या माझ्या आजीने हे पान मला पुन्हा वाचायला लावले.

उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. संस्कृतच्या या पंडितेने मराठी सोपे लिहिले, कारण वाचणारी बाई नुकतीच अक्षरे शिकलेली होती. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

माझा धर्म वेगळा आहे. तरी श्रद्धा म्हणजे काय, हे मला या चरित्रातून थोडे कळले. श्रद्धा प्रश्नांना घाबरत नाही. आणि समजलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडले नाही, तर ती अपुरी राहते. पुस्तक संपले तेव्हा आजीने पाटी मागितली. सध्या ती स्वतःचे नाव गिरवते आहे. पहिले अक्षर साधले आहे. पंडिता रमाबाईंच्या स्मृतीला माझे विनम्र अभिवादन!