नगरांचा वैद्य : सर पॅट्रिक गेडिस

होळकर संस्थानच्या काळात एकदा आमच्या इंदुरात दिवाळीची एक आगळी मिरवणूक निघाली होती. तिचा मार्ग परंपरेने ठरला नव्हता. ज्या मोहल्ल्यातील लोक आपली घरे व गल्ल्या अधिक स्वच्छ करतील त्या मोहल्ल्यातून ती जाईल, अशी दवंडी आधी पिटण्यात आली होती. ही कल्पना एका वृद्ध स्कॉटिश गृहस्थाची. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. आधुनिक नगररचनाशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. परंतु ते इंजिनिअर नव्हते, आणि वास्तुशास्त्राची पदवीही त्यांच्यापाशी नव्हती. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि शहराकडे ते माळ्याच्या दृष्टीने पाहत.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. (ही तारीख आमच्या वाचकांस दुसऱ्या एका महात्म्यामुळे पाठ आहेच.) वडील सैन्यात होते. पर्थ शहराजवळच्या टेकडीवर त्यांचे साधे घर व भोवती बाग होती. झाडे लावणे, खुरपणे, पाणी घालणे हे गेडिस वडिलांच्या हाताखाली तेथेच शिकले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी हक्सले या नामांकित जीवशास्त्रज्ञापाशी अध्ययन केले. १८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिकोस गेले असता त्यांची दृष्टी एकाएकी मंदावली, आणि कित्येक दिवस त्यांना अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. त्या अवस्थेत खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपता चाचपता त्यांना एक युक्ती सुचली. कागदावर तसेच चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात एकेक कल्पना मांडून त्यांचा परस्परसंबंध शोधायचा. दृष्टी परत आली. चौकोनांचा नाद मात्र जन्मभर सुटला नाही. त्यांचे ते कागद पाहून भले भले विद्वानही गोंधळून जात असत.

एडिंबरो शहराचा जुना भाग त्या काळी फार दुःस्थितीत होता. सधन कुटुंबे नव्या वस्तीत निघून गेली होती, आणि उंच दगडी इमारतींच्या एकेका खोलीत एकेक गरीब कुटुंब दाटीवाटीने राहत होते. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन या सुशील स्त्रीशी गेडिस यांचा विवाह झाला, आणि लवकरच या दांपत्याने जेम्स कोर्ट नावाच्या त्याच गलिच्छ वस्तीत बिऱ्हाड केले. गरिबांविषयी व्याख्याने देणारे पुष्कळ असतात. त्यांच्या जिन्याने रोज चढउतार करणारे थोडे. दोघांनी प्रथम आपल्या खोल्या झाडल्या, भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली. मग शेजाऱ्यांना हाताशी धरून चौक साफ केला. पुढे पडीक घरे घेऊन ती दुरुस्त करणे, विद्यार्थ्यांसाठी त्यांनीच चालवावयाचे वसतिगृह काढणे, अशी कामे सुरू झाली. किल्ल्याजवळ रॅमसे गार्डन नावाची घरे बांधली गेली ती, प्राध्यापक मंडळींनी जुन्या शहरात येऊन गरिबांचे शेजारी व्हावे म्हणून.

इमारतींच्या आडोशाला, पडलेल्या घरांच्या जागी, कचऱ्याखाली दडलेले जमिनीचे तुकडे होते. गेडिस यांच्या मंडळाने ते हुडकून काढले, मोजले, आणि त्यांपैकी काहींच्या बागा केल्या. या कामी त्यांची कन्या नोरा हिने फार मेहनत घेतली. जेथे मुलांनी कधी वाफा पाहिला नव्हता तेथे मुलेच वाफे राखू लागली.

पैशाच्या व्यवहारात मात्र गेडिस कच्चे होते. एका घराची दुरुस्ती पुरी होण्यापूर्वीच ते दुसरे घर घेत. अखेरीस १८९६ मध्ये मित्रांनी एक कंपनी स्थापून त्यांच्या मिळकतींचा भार आपल्या शिरावर घेतला.

१९१४ साली मद्रासच्या गव्हर्नरांच्या आमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांनी वर्षानुवर्षे जमविलेले नगरांचे नकाशे व चित्रे मागाहून ज्या जहाजाने येत होती, ते जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. स्नेह्यांनी घाईने नवा संग्रह पाठविला, आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलेच! मग गेडिस गावोगाव हिंडू लागले. इतर अधिकारी कचेरीत नकाशा पसरून त्यावर पट्टीने सरळ रेघ ओढत. रेघेखाली जी घरे येतील ती पाडायची, की झाला रुंद रस्ता! त्या घरांतील माणसे कोठे जातात, हे पट्टीला कसे दिसावे? ती शेजारच्या आधीच भरलेल्या घरांत शिरत आणि तेथील दाटी दुप्पट होई. गेडिस गल्लीबोळांतून पायी फिरत. कोणते घर खरोखर मोडकळीस आले आहे, कोठे विहीर आहे, कोठे पिंपळाचा पार आहे, हे टिपून घेत. निवडक पडकी घरे तेवढी काढावी, त्या जागी लहानसे अंगण मोकळे करावे, झाड लावावे, बाकीची वस्ती जागच्या जागी राहू द्यावी, अशी त्यांची रीत होती. रोग्याचा पाय न तोडता गळू तेवढे कापणाऱ्या वैद्याची ही रीत, आणि तिला खर्चही पुष्कळ कमी येई. बडोदे शहराविषयीचा त्यांचा अहवाल १९१६ सालचा आहे.

१९१७ हे वर्ष त्यांच्यावर फार कठोर उलटले. ज्येष्ठ पुत्र अलास्डेर फ्रान्समध्ये रणांगणावर पडला. त्या वेळी ॲनाबाई कलकत्त्यास मरणोन्मुख होत्या. पतीने ती वार्ता त्यांस कळू दिली नाही, आणि पुत्रशोक न जाणताच त्या निवर्तल्या.

अशा मनःस्थितीत हा वृद्ध मनुष्य इंदुरास आला. शहरात प्लेग होता. नकाशे घेऊन फिरणारा साहेब पाहून लोक भिऊन बाजूला होत. हाच साहेब प्लेग आणतो, अशी बोलवा झाली होती. गेडिस यांनी महाराजा तुकोजीराव होळकरांपाशी एका दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि वर सांगितलेली दवंडी पिटविली. सारे शहर कामास लागले. सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा बाहेर गेला. दिवाळीच्या दिवशी मिरवणुकीत घाणीचा राक्षस व प्लेगचा प्रचंड उंदीर निघाला, लक्ष्मी निघाली, आणि हातात शहराचा नवा नकाशा घेतलेली नगरदेवताही निघाली. पण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते झाडूवाले. ज्यांची सावलीही लोक टाळीत, ते त्या दिवशी शुभ्र वस्त्रे लेवून, फुलांनी सजविलेले झाडू खांद्यावर घेऊन, सर्व शहरादेखत सणाच्या मिरवणुकीत चालले. शेवटी राक्षस व उंदीर जाळण्यात आले आणि घरोघर लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटण्यात आली. प्लेग ओसरला. साथीचा हंगामही तेव्हा संपतच आला होता, हे गेडिस यांनी प्रामाणिकपणे मान्य केले.

१९१८ मध्ये त्यांनी इंदूर दरबारास दोन खंडांचा अहवाल सादर केला. मैलापाणी नदीत सोडून ती नासवू नये, ते जमिनीस देऊन त्यावर बागा पिकवाव्या, हा त्यांतील एक मुख्य आग्रह होता. अहवालातील पुष्कळसे कागदावरच राहिले. खान नदीची दशा आम्ही पुलावरून पाहतो. याच शहराने २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळविला, हेही आम्ही पाहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

१९१९ ते १९२४ या काळात गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाचे गुण हेरून त्यांनी त्यास विलायतेस धाडले, आणि तेच घुर्ये पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. तेल अवीव शहराचा आराखडा गेडिस यांनी १९२५ मध्ये पूर्ण केला. अखेरची वर्षे त्यांनी दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे काढली. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक निवास उभारला आणि भोवतीच्या माळरानावर बागा केल्या. १९३२ च्या आरंभी त्यांस 'सर' ही पदवी मिळाली. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथेच त्यांचे देहावसान झाले.