संत जोसेफिन बखिता: बाजारातून वेदीपर्यंत

८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिता हिचा सण. पोप फ्रान्सिस ह्यांच्या इच्छेनुसार २०१५ सालापासून ह्याच दिवशी मानवी तस्करीच्या बळींसाठी जगभर प्रार्थना केली जाते. ह्या दिवसासाठी बखिताचीच निवड का झाली असावी? तिचे जीवन पाहिले की आपल्याला उत्तर मिळते.

सुदानमधील दार्फुर प्रांतात सुमारे १८६९ साली एका सुखवस्तू कुटुंबात तिचा जन्म झाला. ती लहान असतानाच तिच्या मोठ्या बहिणीला गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवून नेले. पुढे सात-आठ वर्षांची असताना तिच्यावरही तीच वेळ आली. भीतीने ती आपले नावसुद्धा विसरून गेली. पळवणाऱ्यांनी तिला बखिता म्हटले. अरबी भाषेत ह्याचा अर्थ भाग्यवान! ह्या भाग्यवान मुलीला अनवाणी पायांनी शेकडो किलोमीटर चालवत एल ओबैदच्या बाजारात नेण्यात आले.

त्याच सुमारास, १८७७ साली, इंग्लंड आणि इजिप्त ह्यांनी गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार केला होता. सुदान तेव्हा इजिप्तच्या ताब्यात होता. करारावर सह्या झाल्या, पण वाळवंटातून चालणाऱ्या त्या पोरीपर्यंत तो पोहोचला नाही. ती पुन्हापुन्हा विकली गेली. एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी तर तिच्या अंगावर वस्तऱ्याने शंभराहून अधिक जखमा करून त्यांत मीठ चोळण्यात आले. हे व्रण तिच्या अंगावर मरेपर्यंत राहिले.

१८८३ साली खार्टुममध्ये इटलीचे वकिलातीतील अधिकारी कालिस्तो लेन्यानी ह्यांनी तिला विकत घेतले. त्यांच्या घरी तिला प्रथमच मारहाणीशिवाय दिवस काढता आले. १८८५ साली ती त्यांच्याबरोबर इटलीला आली. तेथे त्यांनी तिला मिकिएली ह्या परिचित कुटुंबाकडे सोपवले. त्यांच्या लहान मुलीला ती सांभाळू लागली. मिकिएली पतिपत्नी व्यवसायानिमित्त सुदानच्या सुआकीन बंदरात गेले तेव्हा, १८८८ साली, मुलगी आणि बखिता ह्या दोघींना व्हेनिसमध्ये कनोसियन धर्मभगिनींकडे ठेवण्यात आले. तेथे बखिताला ख्रिस्ताची ओळख झाली.

मालकीणबाई परत न्यायला आल्या तेव्हा बखिताने जाण्यास नकार दिला. ज्या स्त्रीला आजवर कोणी काही विचारलेच नव्हते, तिचा हा नकार! धर्मभगिनी तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. व्हेनिसचे कार्डिनल आगोस्तिनी आणि राजाचे सरकारी वकील ह्यांच्यापर्यंत प्रकरण गेले. इटलीचा कायदा गुलामगिरी मानत नाही, त्यामुळे बखिता कोणाचीही मालमत्ता नाही, असा निर्णय २९ नोव्हेंबर १८८९ रोजी झाला.

योगायोग पाहा. ह्याच महिन्यात, १८ नोव्हेंबरला, ब्रुसेल्स येथे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध राष्ट्रांची परिषद सुरू झाली होती. पोप लिओ तेरावे ह्यांच्या पाठिंब्याने कार्डिनल लाविजेरी ह्यांनी १८८८ साली पॅरिस, लंडन आणि ब्रुसेल्स येथे आफ्रिकेतील गुलामांची व्यथा मांडून लोकमत जागे केले होते. जुलै १८९० मध्ये परिषदेच्या करारावर सतरा राष्ट्रांनी सह्या केल्या. त्यांतील काहींचा डोळा आफ्रिकेच्या भूमीवर होता, हेही आपण विसरता कामा नये. तरीपण हा व्यापार एका देशाच्या कायद्याने थांबत नाही, हे जगाने तेथे मान्य केले.

९ जानेवारी १८९० रोजी बखिताचा बाप्तिस्मा झाला. १८९६ साली तिने व्रते घेतली. १९०२ पासून स्किओ गावच्या मठात तिने स्वयंपाक केला, भरतकाम केले, दार सांभाळले. दारी आलेल्या मुलांच्या डोक्यावर ती मायेने हात ठेवी. आपल्याला पळवणाऱ्यांनाही तिने मनापासून क्षमा केली. ८ फेब्रुवारी १९४७ रोजी ती देवाघरी गेली. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी तिला संतपद बहाल केले. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच संयुक्त राष्ट्रांनी मानवी तस्करीविरुद्धचा करार स्वीकारला. भारतानेही २०११ साली त्याला मान्यता दिली.

बखिताची सुटका कशाने झाली? कायदा होता, पण तो वापरण्यासाठी कोणीतरी दार ठोठवावे लागले. आजही तसेच आहे. तस्कर सीमा ओलांडतात, म्हणून पोलिसांनी आणि सरकारांनीही हातात हात घालायला हवेत. २००९ साली सुरू झालेल्या तालिथा कुम ह्या जाळ्याद्वारे अनेक देशांतील धर्मभगिनी हेच काम करीत आहेत.

आणि आपण? नोकरीचे किंवा लग्नाचे आमिष दाखवून आपल्या वस्तीतील मुलीला दूर नेले जात असेल, तर चौकशी करू या. शेजारच्या घरात राबणारे लहान मूल दिसले, तर १०९८ ह्या क्रमांकावर कळवू या. ८ फेब्रुवारीला मेणबत्ती जरूर पेटवू या. पण तिच्या उजेडात आजूबाजूलाही पाहू या.

संत जोसेफिन बखिता, आमच्यासाठी विनंती कर.