होमी भाभा आणि भाताचे बुटके रोप

मोरा बंदराच्या धक्क्यावर उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले, की समोर घारापुरीचे बेट आणि त्याच्या मागे, पाण्यापलीकडे, ट्रॉम्बेची टेकडी. टेकडीच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. त्याचे नाव काढले की वीज, बॉम्ब आणि कडक पहारा एवढेच आठवते. तिथे भाताच्या बियाण्यावरही काम चालते, हे सहसा कोणी सांगत नाही. ज्यांचे नाव या केंद्राला आहे त्या डॉ. होमी भाभांनी स्वतः भाताचा एकही वाण काढला नाही. पण बियाण्यावर किरणांचा मारा करता येईल अशी जागा, अशी यंत्रे आणि अशी माणसे मुंबईच्या खाडीकाठी जमली ती त्यांच्यामुळे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरात झाला. वडील जहांगीर बॅरिस्टर, आत्या दोराबजी टाटांच्या घरात दिलेली. मुलाने इंजिनीअर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, असा घरच्यांचा बेत होता. १९२७ मध्ये तो केंब्रिजला गेला, पण मन रमले भौतिकशास्त्रात. वडिलांनी अट घातली, आधी इंजिनीअरिंगमध्ये पहिला वर्ग आणायचा, मग हवे ते शिकायचे. १९३० मध्ये मुलाने अट पूर्ण केली.

भाभा केंब्रिजला पोहोचले त्याच १९२७ साली अमेरिकेत हर्मन म्युलर यांनी फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून त्यांच्या जनुकांत बदल घडवता येतात, हे दाखवले. पुढच्याच वर्षी लुईस स्टॅडलर यांनी सातूच्या रोपांत तेच सिद्ध केले. निसर्गात असे बदल आपोआप होतच असतात, त्यांना उत्परिवर्तन म्हणतात. किरणांमुळे त्यांचा वेग अनेक पटींनी वाढतो. या शोधाशी तेव्हा भाभांचा काही संबंध नव्हता. ते अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या मागे होते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी मांडलेला विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत जगभर गाजला.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मुंबईत आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीचा रस्ता बंद झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे काम करताना इथेच राहायचे त्यांनी ठरवले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची मागणी केली आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५४ पासून ट्रॉम्बेच्या टेकडीखाली बांधकामाला सुरुवात झाली.

भाभा चित्रे काढत, पाश्चात्त्य संगीतात बुडून जात आणि झाडांच्या बाबतीत हट्टी होते. इमारतीच्या आड येणारे मोठे झाड तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचा त्यांचा आग्रह असे. माणसाची रुची संस्थेत उतरते, याचे हे ठळक उदाहरण.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. १९६० मध्ये ‘सायरस’ आली. वीज हे अंतिम ध्येय असले, तरी या भट्ट्यांचा तातडीचा उपयोग किरणोत्सारी समस्थानिके बनवण्याचा होता. कर्करोगाच्या उपचारात वापरले जाणारे कोबाल्ट-६० हे त्यांपैकीच. त्यातून निघणारे गॅमा किरण बियाण्यावरही सोडता येतात. भाभांनी ट्रॉम्बेला भौतिकशास्त्रज्ञांच्या बरोबरीने जीवशास्त्रज्ञही घेतले. पेशीविज्ञानाचे अभ्यासक ए. आर. गोपाळ अय्यंगार यांनी तिथल्या जीवशास्त्राच्या कामाचे नेतृत्व केले. १९६२ मध्ये टाटा संस्थेत ओबेद सिद्दिकी यांना बोलावून भाभांनी रेणवीय जीवशास्त्राचा गटही सुरू केला. अणुवीजेबद्दल त्यांनी मांडलेले आकडे ठरल्या वेळेत उतरले नाहीत. ही शांतपणे पेरलेली बाजू मात्र टिकली.

भाताला या किरणांची गरज का भासावी? आपली जुनी, चवीची, वासाची भाते उंच वाढतात. लोंबी भरली, वारा सुटला की आडवी होतात आणि दाणा चिखलात जातो. खत जास्त दिले तर आणखी लवकर पडतात. बुटक्या वाणाशी संकर केला तर उंची कमी होते, पण दुसऱ्या वाणाचे इतर गुणही सोबत येतात आणि मूळचा वास, चव बिघडते. उत्परिवर्तनात बाहेरचे जनुक आणायचे नसते. सुक्या बियाण्याला मोजून किरण द्यायचे आणि त्याच वाणात एखादा हवा तो बदल होतो का, हे पाहायचे.

पहिल्या पिढीत हा बदल बहुधा दिसतच नाही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एक धड असली की रोपाचे भागते. भात स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे दुसऱ्या पिढीत काही रोपांत दोन्ही प्रती बदललेल्या येतात. तेव्हा हजारो रोपांतून एखादे बुटके, एखादे लवकर पिकणारे नजरेला पडते. बाकीची बहुतेक निरुपयोगी किंवा रोगट निघतात. निवडलेल्या रोपाच्या पुढच्या अनेक पिढ्या लावून, शेजारी मूळ वाण लावून, जागोजागी चाचण्या घेऊन वाण ठरतो. त्यात वर्षे जातात. किरण दिलेले बी किरणोत्सारी होत नाही. भिंग घेऊन शोधले तरी त्यातून उगवलेल्या तांदळात किरणांचा अंश सापडायचा नाही, उरतो तो फक्त जनुकातला बदल.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघालेल्या भाभांचे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. विमानातले सर्व ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. याच व्हिएन्नातल्या संस्थेने १९६४ पासून जागतिक अन्न व कृषी संघटनेबरोबर उत्परिवर्तनाने पिके सुधारण्याचे काम हाती घेतले होते. भाभा गेले त्याच वर्षी जपानने गॅमा किरणांतून निघालेला ‘रेइमेई’ हा आखूड भाताचा वाण आणला. फिलिपिन्समधला प्रसिद्ध ‘आयआर-८’ही त्याच वर्षीचा, पण तो संकरातून आला. गंमत अशी की दोघांच्या बुटकेपणामागे एकाच जनुकातला बिघाड आहे. एकात तो निसर्गाने केला, दुसऱ्यात माणसाने किरण सोडून.

१९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचे नाव मिळाले. तिथला पहिला भुईमुगाचा वाण १९७३ मध्ये बाहेर पडला. आपल्याकडे उन्हाळी भुईमूग लावणाऱ्यांच्या परिचयाचा ‘टीएजी-२४’ हा त्याच घराण्यातला. भाताला आणखी वेळ लागला. ओडिशात क्ष-किरणांतून निघालेला ‘जगन्नाथ’ १९६९ मध्येच शेतात गेला होता. ट्रॉम्बेचा ‘हरी’ आंध्र प्रदेशात आला १९८८ मध्ये, भाभांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, मोऱ्याच्या पूर्वेला न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. त्याच्या उभारणीत उरणची कितीतरी भातजमीन आणि मिठागरे गेली. उरलेल्या खाजणात बांध फुटला, उघाडी नादुरुस्त झाली, की उधाणाचे पाणी शिरते आणि लावणी खारते. पूर्वी अशा जमिनीत काळा रता, भुरा रता ही खारे पाणी सोसणारी लाल भाते होत. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे याच जमिनीसाठी पनवेल-१, २, ३ हे वाण दिले.

ट्रॉम्बेचे अलीकडचे भाताचे काम मुख्यतः जुन्या, आवडत्या वाणांवर आहे. छत्तीसगडचा सुवासिक दुबराज उंच आणि उशिरा पिकणारा असल्याने शेतकऱ्यांनी सोडत आणला होता. रायपूरच्या कृषी विद्यापीठाबरोबर किरणांच्या मदतीने त्याचे बुटके, लवकर येणारे रूप काढले गेले आणि वास टिकला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाबरोबर तयार झालेल्या वाणाचे नाव आहे ‘ट्रॉम्बे कर्जत कोळम’. कर्जत हे भात संशोधनाचे जुने ठिकाण, उरणच्याच रायगड जिल्ह्यातले.